टँकर की मोळी?

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रात्री मी नऊ अनोळखी माणसांची कामं एकत्र बांधली, पुढे सरकवली आणि झोपायला गेलो. त्यातलं एकही काम माझं नव्हतं आणि एकही मोठं नव्हतं. एकाने मदतपुस्तिकेतलं चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त केलं होतं. एकीने ‘काहीतरी चुकलं’ असं मोघम सांगणाऱ्या संदेशाच्या जागी नेमकं काय चुकलं ते लिहिलं होतं. एकाने कुणीच वापरत नसलेल्या चार ओळी काढून टाकल्या होत्या. बाकीचीही अशीच. नवांपैकी सात कामं मी नीट वाचली, एक चाळलं आणि एक अजिबात वाचलं नाही. हा लेख त्या न वाचलेल्या कामाबद्दल आहे.

मी पारनेरला राहतो. पोटापाण्याची नोकरी घरून करतो आणि उरलेल्या वेळात एका ओपन सोर्स प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाला हातभार लावतो. भाषेचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण इथे चूक माझी आहे, भाषेची नाही. ओपन सोर्स म्हणजे काय, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं: संगणकाला दिलेल्या सूचनांचा मूळ मजकूर सगळ्यांसाठी खुला, कुणीही वाचावा, कुणीही बदल सुचवावा. पण सुचवलेला बदल आपोआप आत जात नाही. कुणीतरी तो तपासतं, मान्य करतं, मग तो मुख्य मजकुरात मिसळला जातो. या मिसळण्याला आम्ही ‘मर्ज करणं’ म्हणतो. ज्यांच्याकडे मर्ज करण्याची चावी असते अशी माणसं थोडी, आणि बदल सुचवणारी पुष्कळ.

हे काम कसं चालतं ते रस्ट या भाषेच्या उदाहरणावरून सांगतो. तिची पद्धत सार्वजनिक आहे आणि आमच्यासारख्या अनेकांनी तिच्यावरून धडे घेतले आहेत. रस्टची पहिली स्थिर आवृत्ती 15 मे 2015 रोजी आली. ती भाषा सुरू करणाऱ्या ग्रेडन होअर यांनी एक नियम आग्रहाने मांडला होता: मुख्य मजकूर कुठल्याही क्षणी उचलला, तरी तो सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेला असला पाहिजे. म्हणजे आधी मिसळा आणि मग बघा, असं चालायचं नाही. मिसळल्यावर काय होईल ते आधी तपासा, सगळं ठीक असेल तरच मिसळा. हे राखायला त्यांच्याकडे बॉर्स नावाचा एक यांत्रिक द्वारपाल आहे. अडचण अशी की पूर्ण तपासणीला काही तास लागतात. प्रत्येक बदल एकेकटा तपासायचा म्हटलं तर दिवसात मोजकेच बदल आत जातील आणि बाहेर रांग वाढतच राहील. म्हणून जे बदल किरकोळ, बिनधोक वाटतात त्यांचा एक गठ्ठा करतात आणि तो एकदमच तपासून आत घेतात. त्याला ‘रोलअप’ म्हणतात. मी माझ्यापुरतं त्याला ‘मोळी’ म्हणतो.

तर माझ्या मोळीतली ती नववी काटकी. एका परदेशी विद्यार्थ्याने अकरा ओळींचा बदल पाठवला होता आणि वर लिहिलं होतं, ‘किरकोळ साफसफाई’. प्रोग्रॅममध्ये चूक झाली की आमची भाषा ती चुकलेली ओळ दाखवते. ओळ फार लांब असेल, तर तिचा थोडा भाग कापून उरलेला दाखवते. कापायचं कुठे, हे ठरवणारा मजकूर दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलेला होता. या मुलाने दोन्हीकडे एकच, सोपी पद्धत केली. दुसऱ्या एका सहकाऱ्याने त्यावर ‘चालेल’ असा शेरा मारला होता. मी शीर्षक पाहिलं, शेरा पाहिला, अकरा हा आकडा पाहिला आणि बांधलं.

सोपी पद्धत इंग्रजीला पुरेशी होती, मराठीला नव्हती. आपण ‘पारनेर’ लिहितो तेव्हा आपल्या लेखी ती चार अक्षरं असतात: पा, र, ने, र. संगणकाच्या लेखी मात्र ते सहा संकेत असतात, कारण काना आणि मात्रा तो वेगळ्या मोजतो. ‘क्षि’ हे आपलं एक अक्षर, त्याच्याकडे चार संकेत. जुनी पद्धत गुंतागुंतीची होती ती याचसाठी. अक्षराच्या मधोमध सुरी लागू नये, एवढी काळजी ती घेत असे. नवी पद्धत संकेत मोजायची आणि जिथे आकडा भरेल तिथे कापायची.

तीन आठवड्यांनी एका शिक्षिकेची तक्रार आली. त्या मराठी शाळेतल्या मुलांना आमच्या भाषेत छोटे प्रोग्रॅम लिहायला शिकवतात. मुलं स्वतःची नावं, गावांची नावं घालतात. तक्रारीसोबत पडद्याचं चित्र होतं. कापलेल्या ओळीच्या सुरुवातीला एक वेलांटी ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळावर लटकत होती आणि तिचं अक्षर गायब होतं. त्यांनी शांतपणे लिहिलं होतं, की मुलांना वाटलं आपलंच शुद्धलेखन चुकलं. एक मुलगा आपलं नाव तीनदा पुसून पुन्हा लिहीत बसला.

ते वाचून मी खुर्चीत बराच वेळ नुसता बसलो. त्या प्रकल्पात देवनागरी वाचणारे आम्ही अगदी थोडे. त्या अकरा ओळींत काय दडलंय, हे ज्याला वाचताक्षणी कळायला हवं होतं तो माणूस मीच होतो. आणि मीच ते वाचलं नव्हतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती, केली. पण प्रश्न सुटला नाही. चूक कुणाची? ज्याने लिहिलं त्याची, ज्याने ‘चालेल’ म्हटलं त्याची, की ज्याने फक्त बांधलं त्याची? मी तर काही लिहिलं नव्हतं. मंजूरही केलं नव्हतं. मी दोरी आवळली होती, इतकंच.

लहान गोष्टींच्या बेरजेवर आपल्याकडे एक म्हण आहे: थेंबे थेंबे तळे साचे. लहानपणी पिगी बँकेत रुपया टाकताना ती ऐकवली जाते. पुढे ती आपण सगळ्या सार्वजनिक कामांना लावतो. म्हण खरी आहे. फक्त ती थेंबांबद्दल काही विचारत नाही. थेंब कसलाही असो, तळं साचणारच, असा तिचा भाबडा विश्वास आहे.

डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञाने 1984 साली ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात थेंबांचाच हिशोब मांडला. त्याचं उदाहरण पारनेरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वाळवंटात हजार जखमी माणसं तहानेने तडफडत आहेत. दुसरीकडे हजार दयाळू माणसांकडे प्रत्येकी साधारण अर्धा लिटर पाणी आहे. प्रत्येकाने आपलं पाणी एका पाणगाडीत ओतलं, गाडी वाळवंटात गेली आणि पाणी सगळ्यांना सारखं वाटलं गेलं. आता त्यातला एक जण म्हणेल, मी माझं अर्धा लिटर ओतलं नसतं तर कुणाला काय कळलं असतं? प्रत्येक जखमीच्या वाट्याला अर्ध्या लिटरचा हजारावा हिस्सा कमी आला असता. तो जिभेलाही जाणवला नसता. पार्फिट म्हणतो, हे नैतिक गणित चुकीचं आहे. परिणाम जाणवण्याइतका मोठा नाही म्हणून तो शून्य ठरत नाही. त्याने याची काळी बाजूही मांडली आहे. हजार माणसं प्रत्येकी एक बटण दाबतात आणि प्रत्येक बटणाने हजार कैद्यांच्या वेदना न जाणवण्याइतक्या वाढतात. प्रत्येक जण म्हणतो, मी कुणालाच दुखवलं नाही. आणि सगळे कैदी तर विव्हळत असतात.

हे मी पूर्वीही वाचलं होतं. त्या शिक्षिकेच्या तक्रारीनंतर पुन्हा वाचताना एक माणूस दिसला, ज्याच्याकडे माझं आधी लक्षच गेलं नव्हतं. पाणगाडी चालवणारा. उदाहरणात हजार दाते आहेत, हजार तहानलेले आहेत आणि मधे एक गाडी आहे. ती जणू आपली आपणच वाळवंटात जाते. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात टँकर इथे नवा नाही. टँकर वस्तीवर येतो तेव्हा त्यातला कुठला थेंब कुठल्या विहिरीतला हे कुणी विचारत नाही, विचारून उपयोगही नसतो. पाणी खारं लागलं, वास आला, तर बाया जाब विचारतात तो ड्रायव्हरला. त्याने एक थेंबही आपल्या पदरचा घातलेला नसतो. तरी जाब त्यालाच, आणि मला तो रास्त वाटतो. कारण कुठल्या विहिरीवर गाडी लावायची, टाकी धुतली होती की नाही, झाकण बंद होतं की नाही, हे त्याच्याच हातात होतं.

मराठीत ‘दोष’ आणि ‘जबाबदारी’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच राहावेत. दोष केलेल्या कृतीला चिकटतो. जबाबदारीत जबाब आहे: विचारलं तर उत्तर द्यायला उभं राहणं. त्या अकरा ओळींचा दोष वाटून घेता येईल. थोडा विद्यार्थ्याचा, थोडा शेरा मारणाऱ्याचा, थोडा माझा. पण जबाब असा वाटला जात नाही. तीन जणांत तिसरा-तिसरा हिस्सा जबाब दिला, तर विचारणाऱ्याला उत्तर मिळतच नाही.

आता मोळीकडे येतो. आमच्या घरी गॅस यायच्या आधी आजी सरपणाला जायची. मी लहानपणी मागे लागून एकदोनदा गेलो होतो. ती काटकी उचलायची, जमिनीवर हलकेच आपटायची, उलटीसुलटी करून बघायची आणि मग ढिगात टाकायची. मला वाटायचं, ही उगाच वेळ काढतेय. मी भराभरा बारक्या काटक्या कवेत गोळा करून आणल्या, तेव्हा तिने त्या सगळ्या खाली टाकायला लावल्या. म्हणाली, “जाड लाकूड कुनीबी बघून उचलतंय रं. इच्चू बारक्याखाली ऱ्हातो.”

विंचवाची ही गोष्ट मला 2024 मध्ये आठवली होती. त्या वर्षी 29 मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक धक्कादायक शोध जाहीर केला. दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्याशा गोष्टीचा त्याने पिच्छा पुरवला होता. माग लागला तो एक्सझेड नावाच्या, माहिती दाबून लहान करणाऱ्या साधनापर्यंत. ते जगभरच्या लिनक्स यंत्रणांत असतं. त्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. बसवणारा ‘जिया टॅन’ या नावाने दोनेक वर्षं त्या प्रकल्पात लहानलहान, उपयोगी सुधारणा देत होता. प्रकल्प सांभाळणारा मूळ माणूस जवळपास एकटा होता, दमला होता, आणि आपण दमलोय हे त्याने उघडपणे लिहिलंही होतं. अशा वेळी मदतीला आलेल्या हाताचा हळूहळू विश्वास बसला आणि चावी त्याच्या हातात गेली. इथे लहान सुधारणा हीच लाच होती. प्रत्येक सुधारणा स्वतंत्रपणे चांगलीच होती, आणि त्यांच्या बेरजेतून जे साचलं ते तळं नव्हतं.

पण माझ्या प्रकरणात विंचू नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. तो विद्यार्थी भला मुलगा होता. त्याच्यावर संशय घ्यावा असं काहीच नव्हतं. म्हणून ‘प्रत्येकाकडे संशयाने बघा’ हा धडा मला पुरेसा वाटत नाही. आजीही काटक्यांवर संशय घेत नव्हती. ती फक्त प्रत्येक काटकी हातातून जाऊ देत होती.

मोळीचा दुसरा गुण तिच्या दोरीत आहे. टँकरमध्ये पाणी एकदा मिसळलं की वाईट थेंब परत काढता येत नाही, अख्खा टँकर ओतून द्यावा लागतो. मोळी सोडता येते. नको ती काटकी काढून पुन्हा बांधता येते. रस्टवाल्यांनी त्यांचा रोलअप असाच ठेवला आहे. गठ्ठा एक असला, तरी आतला प्रत्येक बदल आपल्या वेगळ्या नोंदीसह आत जातो. त्या नोंदीत तो कुणी लिहिला याचं नाव असतं, कुणी तपासला याचं नाव असतं. आणि गठ्ठा कुणी बांधला त्याचंही नाव वर असतं. चाचणी नापास झाली तर दोषी बदल शोधून बाहेर काढतात, बाकीचे पुन्हा बांधतात. काही बदलांवर तर ‘गठ्ठ्यात कधीच घालू नये’ अशी खूण असते. उदाहरणार्थ, ज्याने भाषेचा वेग कमी होण्याची शक्यता आहे असा बदल. दहा बदल एकदम आत गेले आणि वेग घटला, तर कुणामुळे घटला ते कळणं अवघड होतं. हे नियम तांत्रिक सोयीसाठी आहेत असं सगळे म्हणतात, आणि आहेतही. मला त्यांत नीती दिसते. माणसाचं योगदान गर्दीत विरघळू द्यायचं नाही. त्याचं श्रेयही नाही आणि त्याची चूकही नाही.

आमच्याही मोळीत नोंदी वेगळ्या होत्या, म्हणून ती नववी काटकी मला अर्ध्या तासात सापडली आणि बाकीच्या आठांना धक्का न लावता काढता आली. म्हणजे यंत्रणेने आपलं काम केलं होतं, माणसाने केलं नव्हतं.

लहान कामांच्या बेरजेचं आमच्या तालुक्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे राळेगणसिद्धी. 1975 मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले. त्यानंतरच्या वर्षांत तिथे जे झालं, त्यावर इतकं लिहून-बोलून झालंय की आम्हा पारनेरकरांना ते पाहुण्यांना दाखवायचं स्थळ वाटायला लागलं आहे. अण्णांच्या पुढच्या राजकीय भूमिकांबद्दल ज्याचं त्याचं मत असेल. माझा मुद्दा फक्त पाण्याच्या कामाचा आहे. तिथे एक मोठं धरण बांधलं गेलं नाही. उतारावर चर खणले, नाल्यांना छोटे बांध घातले, झाडं लावली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, श्रमदान केलं. आणि सुरुवातीच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक तर नवीन बांधकामच नव्हतं. गावात पाझर तलाव आधीपासून होता, पण तो गळत होता, पाणी थांबत नव्हतं. लोकांनी तो दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी दिसू लागलं.

पाणलोटाच्या कामाचा एक नियम आहे: माथा ते पायथा. आधी डोंगरमाथ्यावर चर, मग उतारावर दगडी बांध, मग नाल्यात बंधारे, सगळ्यात शेवटी खालचा तलाव. क्रम उलटा केला, खाली आधी बंधारा बांधला, तर वरून येणारा गाळ त्याला काही पावसाळ्यांतच भरून टाकतो. वरचा एक छोटा बांध कच्चा राहिला आणि मोठ्या पावसात फुटला, तर त्याचं पाणी खालच्या बांधावर एकदम येऊन आदळतं. तो चांगला बांधलेला असला तरी हा भार त्याच्या हिशोबात नसतो. लहान कामं ओळीने उभी असली की त्यांतलं कुठलंच लहान उरत नाही. प्रत्येकावर खालच्या सगळ्यांचा भरवसा असतो. म्हणून फिरून पाहणारा माणूस लागतो. चर खणणाऱ्याइतकाच तो कामाचा असतो. पण चर खणणाऱ्याचे फोटो निघतात, पावसानंतर छत्री घेऊन नाल्यानाल्याने हिंडणाऱ्याचे निघत नाहीत.

हिंडणाऱ्या माणसाने किती कडक असावं? याचं एक टोकाचं उत्तर आपल्या भाषेनेच देऊन ठेवलं आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नंतर जवळजवळ तीनशे वर्षं ती हाताने उतरवली जात राहिली. प्रत्येक उतरवणाऱ्याने थोडंथोडं काही केलं असणार. कुठे न कळलेला शब्द सोपा केला, कुठे छंद सुधारला, कुठे भक्तीच्या भरात एखादी ओवी आपली घातली. त्यांतल्या एकाचाही हेतू वाईट नसेल. प्रत्येकाला वाटलं असेल, की आपण ग्रंथ अधिक चांगला करतोय. नाथांच्या काळापर्यंत पाठभेदांचा गुंता झाला होता. पैठणला एकनाथांनी प्रती जमवल्या, पडताळल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी स्वतःचं नाव आणि वर्ष घातलं. आणि यापुढे यात स्वतःची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणं, अशा अर्थाची ताकीद देऊन दार लावून घेतलं.

प्रोग्रॅमिंग भाषेला असं दार लावता येत नाही. ती सिद्ध ग्रंथ नाही, वापरातली वस्तू आहे. नवी यंत्रं येतात, नव्या गरजा येतात. उद्या कुणी संथाळी शिकवणारा शिक्षक येईल आणि त्याच्या लिपीची आमच्याकडून झालेली हेळसांड दाखवेल. दार लावलं तर त्याने जायचं कुठे? म्हणून नाथांची ताकीद आम्हाला घेता येत नाही. घेण्यासारखी त्यांची दुसरी गोष्ट आहे. त्यांनी पडताळलं आणि मग नाव घातलं. ही प्रत मी शुद्ध केली, अमुक साली केली. आधीच्या अनामिक सुधारकांना चारशे वर्षांनी काही विचारता येत नाही. नाथांना येतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला टाळता येत नाही. सगळं वाचायचं म्हटलं तर काम पुढे जाणार कसं? हे कुणी पगारावर करत नाही. मी दिवसाची नोकरी संपवून, मुलीचा अभ्यास घेऊन रात्री अकराला बसतो. त्या दिवशी वीज दोनदा गेली होती. रांगेत चाळीस बदल थांबलेले होते. थांबलेला प्रत्येक बदल म्हणजे कुणाचा तरी उत्साह विरत जाणं. पहिल्यांदाच काही पाठवलेला माणूस महिनाभर उत्तराची वाट बघतो आणि मग कायमचा निघून जातो. म्हणजे न वाचणं हा जसा अन्याय, तसं अडवून धरणंही अन्यायच. घाईने मी शाळेतल्या मुलांचं नुकसान केलं. सावकाशीने मी रांगेतल्यांचं करीन.

हा हिशोब शून्यावर येत नाही. मी दोनच नियम केले आहेत. एक: जितकं वाचून होईल तितकंच बांधायचं. नऊ वाचून होत नसतील तर पाच. दोन: ‘किरकोळ’ हा शब्द पाठवणाऱ्याने लिहिला तर तो त्याचा नम्रपणा समजायचा, माझी सुटका नाही. काम किरकोळ आहे की नाही, हे वाचल्यावरच कळतं.

त्या विद्यार्थ्याचं सांगायचं राहिलं. दुरुस्ती करताना मी त्याच्या बदलाखाली एक ओळ लिहिली होती: ‘यामुळे बिघाड झाला, म्हणून मागे घेत आहे.’ वाक्य बरोबर होतं. त्याखाली माझं नावही होतं, पण मागे घेणारा म्हणून. बांधणारा मीच होतो आणि मी वाचलं नव्हतं, हे मी कुठेच म्हटलं नाही. ती ओळ वाचणाऱ्या कुणालाही वाटेल, की एका नवख्याने चूक केली आणि एका जाणत्याने निस्तरली. नोंदी वेगळ्या ठेवण्याची आमची इतकी चांगली पद्धत, पण तिचा उपयोग मी स्वतःला बाजूला काढायला केला. काटकी कुणाची हे दाखवलं, दोरी कुणाची हे सांगितलं नाही. त्यानंतर त्याने काहीच पाठवलं नाही.

मला हे कळायला पाच महिने लागले. मी त्याच ठिकाणी, सगळ्यांना दिसेल असं, खाली लिहिलं की हा बदल मी न वाचता बांधला होता. देवनागरी माझी लिपी असल्यामुळे तो अडवणं माझ्याकडूनच अपेक्षित होतं. आणि दोन ठिकाणची विसंगती त्याने बरोबर हेरली होती, ती अजूनही आहे. मग त्याला वेगळं पत्र लिहिलं. उत्तर आलं, दोनच ओळींचं. त्याला वाटलं होतं की आपली या कामाची कुवत नाही. सध्या परीक्षा आहेत, नंतर बघतो, असं त्याने लिहिलं होतं. ते ‘नंतर’ अजून आलेलं नाही. येईलच असं मी धरून चालत नाही.

शाळेतल्या त्या मुलाच्या नावाचा तुकडा आता चाचण्यांत घातला आहे. कुणी पुन्हा तसा बदल केला, तर ती वेलांटी तुटण्याआधी द्वारपालच अडवेल. हा लेख लिहितोय तेव्हा रांगेत सेहेचाळीस बदल आहेत, गेल्या वर्षीपेक्षा सहा जास्त. एका सहकाऱ्याने विचारलं आहे, की हल्ली तुझ्या मोळ्या इतक्या लहान का? त्याला काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं नाही. आज रात्री पाच बांधायच्या आहेत. तीन वाचून झाल्या.